फोन बंद होता तुझा!

परवा रात्री डोकं फार दुखत होतं म्हणून फोन चक्क स्विच ऑफ करून झोपले. सायलेंट नाही, एअरप्लेन मोड नाही, बंद. सकाळी साडेसातला चालू केला तर तो हातातच थरथरायला लागला, मिस्ड कॉलचे मेसेज एकावर एक, सहा आईचे, दोन मावशीचे, एक भावाचा, आणि भावाचा एक मेसेज की "आईला फोन कर, ती पॅनिक झालीय". केला. पलीकडून हॅलो नाही, काही नाही, थेट "फोन बंद होता तुझा!" म्हणजे माझी तब्येत वगैरे नंतर, आधी गुन्हा.

आणि मला खरंच अपराधी वाटलं हो. आठ तास झोपले म्हणून! काम काय होतं विचारलं तर "काही नाही गं, सहज".

मग दिवसभर डोक्यात टायटॅनिक. हसू नका, सांगते. 14 एप्रिल 1912 ची रात्र. जवळच कॅलिफोर्नियन नावाचं एक जहाज बर्फात थांबलेलं, त्याच्यावर वायरलेसचा एकच ऑपरेटर. त्याने टायटॅनिकला कळवलं की आम्ही बर्फात अडकून उभे आहोत. तिकडचा ऑपरेटर जॅक फिलिप्स तेव्हा न्यूफाउंडलंडच्या केप रेस स्टेशनला प्रवाशांचे खासगी मेसेज पाठवत बसला होता, ढीग साचला होता, त्यात हा जवळचा सिग्नल एकदम कानठळ्या बसतील असा आला, म्हणून त्याने उत्तर टाकलं, गप्प बस, मी कामात आहे. कॅलिफोर्नियनवाल्याने मग थोडा वेळ ऐकलं, सेट बंद केला आणि झोपायला गेला. टायटॅनिक हिमनगाला धडकलं ते त्यानंतर काही मिनिटांतच.

मला त्या झोपलेल्या माणसाबद्दल फार वाटतं. दिवसभर एकट्याने ड्युटी केलेली, रात्री जागं राहायचा नियमच नव्हता, आणि वर समोरच्याने गप्प बस म्हटलेलं. कोणीही झोपलं असतं.

आणि जे सातशेच्या आसपास लोक वाचले ते कशामुळे, तर कार्पेथिया या दुसऱ्या जहाजावरचा ऑपरेटर हॅरोल्ड कॉटम, तोही झोपायच्याच तयारीत होता, पण भलत्याच एका निरोपाची वाट बघत होता म्हणून कपडे बदलतानासुद्धा हेडफोन कानावर ठेवले होते. बस, एवढंच. पाच मिनिटं आधी काढले असते तर संपलं होतं. त्यानंतर नियम आले की जहाजावर वायरलेस चोवीस तास कोणीतरी ऐकत राहिलं पाहिजे. बरोबरच होतं म्हणा. पण मला वाटतं की तो नियम जहाजावरून हळूच उतरून घराघरात शिरला, आणि आता आपण सगळेच कॉटम, अर्धे कपडे बदललेले, कान मात्र तिकडे.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे सगळं नुसतं जादूचे प्रयोग वाटावेत असं होतं. 1895 च्या सुमारास जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात अदृश्य लाटा भिंतीपार पाठवून पलीकडच्या खोलीत घंटा वाजवून दाखवली, बंदुकीच्या दारूचा स्फोटही करून दाखवला. 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेलं मोर्स कोडमधलं एस हे एक अक्षर, म्हणजे तीन टिंबं, ऐकल्याचं सांगितलं. टिक टिक टिक. त्यात "कुठे आहेस" नव्हतं.

ते आलं 1973 नंतर. त्या वर्षी 3 एप्रिलला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून मोटोरोलाच्या मार्टिन कूपरनी किलोभर वजनाचा फोन कानाला लावला आणि पहिला कॉल कोणाला, तर याच शर्यतीत असलेल्या बेल लॅब्सच्या जोएल एंगलना, की बघा, मी हातातल्या फोनवरून बोलतोय. (हा माणूस मला आवडतो. शोध लावावा तर असा, कोणाला तरी चिडवण्यासाठी.) बॅटरी थोडाच वेळ टिकायची, पण कूपर गमतीत म्हणायचे की एवढं वजन तितका वेळ हातात धरवणार कोणाला! त्यांचा मुद्दा साधा होता, फोन जागेला नको, माणसाला हवा. लँडलाइनवर आपण घराला फोन लावायचो, घरात जो असेल तो उचलायचा, म्हणून पहिला प्रश्न "कोण बोलतंय?" आता कोण ते माहीतच असतं, म्हणून पहिला प्रश्न "कुठे आहेस?" आणि घराला फोन केला की घर कधीकधी उचलायचं नाही, त्याचा कोणाला राग यायचा नाही. बाहेर गेले असतील, विषय संपला. आता बाहेर गेले असतील असं म्हणता येत नाही, कारण बाहेर पण तोच फोन आहे.

पहिला एसएमएस 1992 च्या डिसेंबरात गेला, इंग्लंडमध्ये, कॉम्प्युटरवरून एका फोनवर, मेरी ख्रिसमस एवढाच. आणि ज्याला गेला त्याच्या फोनवरून उत्तर पाठवायची सोयच नव्हती! किती सुखाचं. मेसेज वाचला, फोन बाजूला ठेवला, पार्टीत परत. नंतर व्हॉट्सॲपच्या निळ्या टिका आल्या 2014 ला, आणि वाचून गप्प बसायचीही चोरी झाली.

पण मी फार तोंड वर करून बोलू नये. भाऊ रात्रीच्या प्रवासात असला की मीच दर तासाला लास्ट सीन बघते, आणि तो "रेंज नव्हती" म्हणाला की मनात म्हणते, थापा.

आमच्या घरात या सगळ्यातून सुटलेला एकच माणूस, बाबा. रात्री साडेनऊला फोन बंद करतात, अगदी बटण दाबून, चष्म्याशेजारी पालथा ठेवतात आणि पाच मिनिटांत घोरतात. त्यांना कोणी कधी बोललेलं नाही. मी हे आईला ऐकवलं, म्हटलं बाबांचा पण बंदच असतो की रोज.

"त्यांचा असू दे," आई म्हणाली, "त्यांचा बंद असतो म्हणून तर रात्रीचं लोक तुला फोन करतात ना."

काल सव्वादहाला काकांचा फोन आला. मी दुसऱ्या गावात, बाबांपासून कितीतरी लांब. काका म्हणाले, "झोपले का गं बाबा?"

मी म्हटलं, हो, झोपलेत.