साथीला बसलेला पियानो

सोमवार, रात्री. शहापूर, बेळगाव

सध्या फक्त जॉन लुईस ऐकतेय. मॉडर्न जॅझ क्वार्टेट या अमेरिकेतल्या चौघांच्या जॅझ मेळाचा पियानिस्ट. त्या चौघांचं बरंचसं संगीत त्यानेच रचलं, मेळाची दिशाही त्यानेच ठरवली, आणि तरी ध्वनिमुद्रण लावलं की कान आधी धावतो तो मिल्ट जॅक्सनच्या व्हायब्राफोनकडे. धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांखाली नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. त्या चकत्यांमुळे सुराला कंप मिळतो. जॅक्सन मोटर इतरांपेक्षा बरीच हळू ठेवायचा, त्यामुळे त्याचा लांबलेला सूर थरथरत नाही, डुलतो. तो सूर एकदा कानात शिरला की मागचा पियानो ऐकूच येत नाही. म्हणून मी मुद्दाम उलटं करतेय. जॅक्सनकडे कान न देता पियानोच्या मागे मागे जातेय.

मी पेटी वाजवते. माझं आयुष्य गवयाच्या डाव्या बाजूला बसून गेलंय. त्यामुळे मागे बसून वाजवणारा माणूस नेमकं काय करतो, हे मला सगळ्यात आधी ऐकू यायला हवं.

लुईस काय करतो ते आज थोडं उमगलं. जॅक्सन वाजवत असतो तेव्हा लुईस कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर, आपटत बसत नाही. त्या काळातले पियानिस्ट मागून चार-चार बोटांचे कॉर्ड तोडून टाकायचे, ती पद्धतच होती आणि त्यात मजाही होती. लुईस एकेरी सुरांची एक छोटी चाल वाजवतो. जॅक्सनचं वाक्य वर जात असेल तर ही खाली उतरते. तो श्वास घ्यायला थांबला की ही दोन पावलं पुढे येते आणि तो परतला की मागे होते. ही चाल तेवढीच वेगळी काढून वाजवली तरी तिच्यात एक गाणं आहे. मी काही ओळी सरगममध्ये उतरवल्या आणि पेटीवर वाजवून बघितल्या. उभ्या राहतात.

मंगळवार

दिवसभर पाऊस. कालचं थोडं पुढे.

या मेळाचा जन्मच साथीदारांच्या सोयीतून झालाय. 1946 च्या सुमाराला लुईस ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या मोठ्या बँडमध्ये आला. गिलेस्पीच्या रचना ट्रम्पेटवाल्यांचे ओठ फोडणाऱ्या, सगळं वरच्या पट्टीत आणि जलद. त्या लोकांना मध्ये विसावा हवा म्हणून मागचे चौघे, म्हणजे पियानो, व्हायब्राफोन, बास आणि ड्रम, एकटेच थोडा वेळ वाजवायचे. लुईस, जॅक्सन, रे ब्राऊन, केनी क्लार्क. लोकांना ते आवडायला लागलं. पुढे 1951 साली ते जॅक्सनच्या नावाने चौकडी म्हणून वाजवू लागले, 1952 ला मॉडर्न जॅझ क्वार्टेट हे नाव आलं, तोवर बासवर पर्सी हीथ होता. 1955 मध्ये क्लार्कच्या जागी कॉनी के आला आणि मग हे चौघे जवळजवळ वीस वर्षं तसेच राहिले.

इतरांना दम घेता यावा म्हणून जी माणसं वाजवायची तीच पुढे मैफलीची मालक झाली. हे वाचल्यापासून मला फार बरं वाटतंय. आपल्याकडच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत गायकाचं नाव ठसठशीत आणि खाली बारीक अक्षरात ‘साथसंगत’. पेटीला तर त्याहून वाईट दिवस आले होते. 1940 साली रेडिओने पेटीवर बंदी घातली ती 1971 पर्यंत टिकली. परदेशी वाद्य, ठरावीक स्वरांत बांधलेलं, मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, ही कारणं. त्याच काळात आमच्या बेळगावात रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत होते, शिकवत होते. 1917 चा जन्म, कागवाडचे, वझेबुवांकडे गाणं शिकलेले. 2010 ला गेले. माझे मास्तर त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे. मास्तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: गवई जे गायला ते तसंच लगेच वाजवलंस तर ती नक्कल झाली, तो काय गाणार आहे ते आधीच वाजवलंस तर तो आगाऊपणा झाला. मग उरलं काय, असं विचारलं की म्हणायचे, ‘जे उरलं तीच साथ.’

लुईसच्या डाव्या हातात ते उरलेलं मला ऐकू येतंय.

बुधवार

भाचा आला होता कॉलेजातून. इंजिनिअरिंगला आहे, कीबोर्ड बरा वाजवतो, कॅम्पात मित्रांबरोबर त्यांचा बँड आहे.

‘काय ऐकूलीस आत्या?’

ऐकवलं. ‘जँगो’, 1954 ची. जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट 1953 मध्ये वारला, त्याच्या आठवणीत लुईसने रचलेली. सुरुवात अंत्ययात्रेच्या चालीसारखी संथ. मग एकदम लय धरते, जॅक्सन मोकळा सुटतो, मध्ये एक छोटा दुवा, मग पियानो, आणि शेवटी तीच संथ चाल परत.

पोराने मन लावून ऐकलं, खरं तोंड वाकडंच. ‘झोप येतीय की गं. ड्रमवाला तर कायच वाजवंना.’

त्याला म्हटलं, मोजून बघ. मग तो बोटांवर बार, म्हणजे मात्रांचे सारखे छोटे गट, मोजायला लागला आणि चकला. साधारण जॅझची बत्तीस बारांची चाल म्हणजे आठ-आठचे चार भाग. इथेही एकूण बत्तीसच, पण पहिले दोन तुकडे सहा-सहा बारांचे आहेत. कान आठवर टेकायला जातो आणि जमीन दोन बार आधीच संपलेली असते. आणि हे ऐकताना कुठेही धक्का बसत नाही! वाजवणाऱ्याला मात्र क्षणभरही झोप काढता येत नाही. भाच्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. जाताना फाईल मोबाईलवर घेऊन गेला.

ड्रमबद्दलचं त्याचं म्हणणं मनात राहिलं. कॉनी के ट्रँगल, छोट्या झांजा, घंट्या अशी नाजूक वाद्यं ड्रमच्या सोबतीला ठेवायचा. तो आवाज कमी ठेवतो कारण लुईसच्या एकेरी चालीला जागा हवी असते. एकाने हात आवरला म्हणून दुसऱ्याचं ऐकू येतं. शास्त्रीय चेंबर संगीतात, चार तंतुवाद्यांच्या मेळात, हेच असतं. कुणी संचालक नाही, कुणी छडी हलवत नाही, चौघे एकमेकांकडे बघून श्वास घेतात. लुईसने जॅझमध्ये आणलं ते हे. काळे कोट, बो टाय, नाईट क्लबऐवजी मोठी सभागृहं, हा सगळा बाहेरचा भाग. त्यालाही अर्थ होताच. 1950 च्या दशकातल्या अमेरिकेत चार कृष्णवर्णीय वादक मंचावर येऊन, ऐकायचं असेल तर शांत बसून ऐका, असं न बोलता सांगत होते, ही लहान गोष्ट नाही. पण संगीत बदललं ते ऐकण्याच्या या शिस्तीने.

गुरुवार, उशिरा

फ्यूगबद्दल लिहायचं राहिलं.

लुईसचं नाव निघालं की लोक आधी जर्मन संगीतकार बाख आणि त्याचा फ्यूगच काढतात. फ्यूगमध्ये एक छोटी चाल एक आवाज एकटाच मांडतो, मग दुसरा आवाज तीच चाल वेगळ्या पट्टीतून सुरू करतो, पहिला त्याच्या विरुद्ध काहीतरी वेगळं गात राहतो, मग तिसरा. लुईसने 1952 मध्ये ‘व्हँडोम’ केली, 1955 मध्ये ‘कॉन्कॉर्ड’, नंतर ‘व्हर्साय’. तिन्ही नावं फ्रान्सची. मुख्य चाल लिहिलेली, आणि चालींच्या मधल्या जागा वादकांनी तिथल्या तिथे भरायच्या.

मला त्या आवडतात, पण लोक म्हणतात तेवढं मोठं काम तिथे झालंय असं मला वाटत नाही. फ्यूगचा साचा घेऊन त्यात जॅझ ओतणं पुष्कळांना जमलं. 1957 साली अमेरिकन संगीतकार गुंथर शुलरने या सगळ्या मिश्रणाला ‘थर्ड स्ट्रीम’, तिसरा प्रवाह, असं नावही दिलं, आणि लुईस त्या मंडळींत होताच. चौकडीबरोबर पूर्ण स्ट्रिंग क्वार्टेट बसवून केलेली ध्वनिमुद्रणं आहेत. ती ऐकताना मी अस्वस्थ होते. व्हायोलिनवाले कागदावरचं नेटकं वाजवतात, जॅझवाले आपलं वाजवतात, दोघेही उत्तम. पण जॅक्सनने आयत्या वेळी काही वेगळं केलं तर व्हायोलिन वळू शकत नाही. त्याला वळायची मुभाच नाही. शेजारी बसणं आणि साथ करणं यातला फरक तिथे उघडा पडतो.

आणि याउलट ब्लूज, जॅझच्या मुळाशी असलेलं कृष्णवर्णीयांचं गाणं. लुईस अगदी साध्या बारा बारांच्या ब्लूजला बसतो तेव्हा बाखचं नाव नाही, फ्यूग नाही, आणि तरी बाख आणि जॅझ ही दोन्ही घराणी तिथे पूर्ण मुरलेली असतात. 1948 मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर त्याने ‘पार्कर्स मूड’ वाजवलंय. पार्कर भरभरून बोलतो. मग पियानोची पाळी येते आणि लुईस मोजकेच सूर ठेवतो.

पियानोला मींड नाही, माझ्या पेटीलाही नाही. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो, ती पट्टी दोन्ही वाद्यांवर नाहीच. लुईस कोमल गंधाराला शुद्धाच्या अंगावर कणासारखा घासून लगेच सोडतो. कानाला वाटतं सूर वाकला. आम्हीही हेच करतो: शेजारची पट्टी चाटून जायची, भात्याचा दाब तेवढ्यापुरता कमी करायचा, आणि ऐकणाऱ्याला मींड मिळते. रेडिओने जे पेटीत नाही म्हणून सांगितलं ते विजापुरेंच्या, त्यांच्यासारख्यांच्या बोटांनी वर्षानुवर्षं ऐकवलं. अमेरिकेतला हा माणूस त्याच अडचणीतून त्याच वाटेने गेला, हे आज रात्री मला पेटीवर बोट ठेवून कळलं, आणि मी बराच वेळ ती एकच जागा वाजवत बसले.

शनिवार

टिळकवाडीत उद्याच्या कार्यक्रमाची तालीम. तबलजी गोकाककडचे, घरी कन्नड. आम्ही दोघं अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतो आणि मात्रा हिंदीत मोजतो. गाणाऱ्या बाईंनी आधी तुकोबांचा अभंग घेतला, मग पुरंदरदासांचं पद. आमच्या भागात याला कुणी मिश्रण म्हणत नाही. भीमसेनजी दोन्ही गायचे, ऐकणारे दोन्हीला तितकीच मान डोलवायचे.

पदाच्या दुसऱ्या कडव्याला मी लुईसचं करून बघितलं. बाईंच्या ओळीमागे तीच ओळ न वाजवता, खालच्या सप्तकात चार-पाच सुरांची वेगळी उतरती चाल. रागाबाहेर एक सूर नाही. बाईंनी वळून बघितलं. मी थांबणार तेवढ्यात त्यांनी पुढची तान त्या चालीच्या उलट, वर नेली. तबलजी समेवर हसले आणि म्हणाले, ‘इदु छलो ऐत्री.’ म्हणजे, हे छान आहे.

तालमीनंतर बाईंनी एवढंच विचारलं, ‘उद्या पण करणार ना?’ पण प्रत्येक कडव्याला करायचं नाही, असंही बजावलं. बरोबर आहे त्यांचं.

रविवार, पहाटे

जॅक्सनची तक्रार आठवत बसलेय. 1974 मध्ये तो मेळ सोडून गेला, त्यामुळे मेळच मोडला. पैसा हे एक कारण होतं, पण लुईसच्या आखीव रचनांत अडकून पडल्याचा सलही होता. त्याला मोकळं वाजवायचं होतं. कित्येक जॅझ समीक्षक तेव्हा त्याच्या बाजूने होते आणि आजही आहेत. लुईसने वाघाला पिंजऱ्यात घातलं म्हणतात.

मी दोन्हीकडचं ऐकलंय. जॅक्सनने स्वतःच्या नावावर, दुसऱ्या पियानिस्टांबरोबर केलेलं वादन सुरेख आहे, मोकळं आहे, त्यात आनंद आहे. पण त्याचं जे वादन मला रात्री उठून पुन्हा लावावंसं वाटतं ते लुईस मागे असतानाचं. ‘जँगो’मधल्या त्या सहा बारांच्या अरुंद जागेत तो जितका बोलतो तितका ऐसपैस अंगणात बोलत नाही. जॅक्सनला हे कधी पटलं असेल का, ठाऊक नाही. 1981 मध्ये चौघे परत एकत्र आले एवढं खरं, आणि नंतर बरीच वर्षं वाजवत राहिले.

लुईस 2001 मध्ये गेला. त्याआधी, 1980 च्या दशकात, त्याने बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’चा, म्हणजे प्रील्यूड (सुरुवातीचा तुकडा) आणि फ्यूग यांच्या जोड्यांच्या संग्रहाचा, पहिला भाग वाजवून ठेवलाय. प्रील्यूड एकटा पियानोवर, मध्ये स्वतःची भर घालत. फ्यूगमध्ये मात्र एकट्याने सगळे आवाज न वाजवता व्हायोलिन, व्हायोला, गिटार आणि बास बरोबर घेतले. साठी उलटलेला, जगभर नाव झालेला पियानिस्ट, दोन हातांनी सहज वाजवता आलं असतं, आणि तरी एक आवाज स्वतःकडे ठेवून बाकीचे इतरांना वाटून दिले. आधी मला हे कमी धाडसाचं वाटायचं. आता ते त्याचं सगळ्यात स्वतःचं काम वाटतं.

भाच्याचा रात्रीच मेसेज आलाय, त्याने ‘जँगो’चा डावा हात कीबोर्डवर बसवलाय आणि सहा बारांपाशी अजून घसरतोय. आज कार्यक्रमाला येतो म्हणाला. त्याला पुढच्या रांगेत न बसता तबलजींच्या मागच्या बाजूला बसायला सांगणार आहे, तिथून पेटी नीट ऐकू येते.