तुम्ही विचारलंत म्हणून: खणायचं कुठे, हे कळतं कसं?

डायनासोरच्या हाडांवर काम करते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढ्या जमिनीत नेमकं कुठे खणायचं, हे तुम्हाला कळतं कसं?"

खणणं फार शेवटी येतं. आधी नुसतं चालायचं, मान खाली घालून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. दख्खनचा लाव्हा पसरण्याआधी साचलेले, लमेटा नावाचे खडकांचे थर तिथे उघडे पडलेत. वय ६.५ कोटी वर्षांहून जास्त. थर कुठे आहे ते नकाशा सांगतो. पुढचं काम पाऊस आणि वखर करतात. हिवाळ्यात सकाळचं ऊन तिरपं असतं, तेव्हा लाल मातीतला वेगळा तुकडा लगेच नजरेत भरतो. शंका आली तर मी तो जिभेला लावते. हाडाच्या बारीक छिद्रांमुळे तो बहुधा जिभेला चिकटतो, साधा दगड चिकटत नाही.

एका काकांनी आम्हाला सांगितलं, "असे गोटे वखरताना लागतेतच जी, आम्ही धुऱ्यावर टाकतो." त्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या ढिगात बटाट्याएवढे, फिकट तपकिरी गोटे होते. दगड झालेली विष्ठा! पिसदुऱ्याच्या अशाच विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं, याचा पुरावा या मातीतून मिळाला. आजही तिथून जाताना माझी पावलं आपोआप जपून पडतात.

सुटा तुकडा मिळाला की उताराच्या वरच्या बाजूला शोधत जायचं. तुकडे वाढत जातात आणि एका जागी एकदम थांबतात. हाड त्याच्या जरा वर, थरात असतं. तिथे खणायचं. मग छिन्नी, दाभण, ब्रश. हाड पूर्ण मोकळं करत नाहीत; भोवतालच्या मातीसकट ओला कागद लावून, वर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात. वाळलं की खालून कापून उलटं करायचं. त्या क्षणी कुणी बोलत नाही.

पहिल्या वर्षी मला मणक्याचा तुकडा मिळाला. आनंदाच्या भरात तो पिशवीत टाकून मी तळावर धावत आले. सरांनी हातात घेतला, पाहिला आणि विचारलं, "कुठे होता?" मी पाच-सहा शेतं ओलांडली होती. दोन दिवस आम्ही सगळे त्या उतारावर फिरलो. जागा मिळाली नाही. उरलेलं हाड तिथेच कुठेतरी असेल, किंवा पुढच्या पावसात वाहून गेलं असेल.

आता तुकडा दिसला की आधी शेजारी चिंधी बांधलेली काडी रोवते, नोंद करते, फोटो काढते, मगच हात लावते. तो मणका संग्रहात जपून ठेवलाय. चिठ्ठीवर 'ठिकाण' या शब्दापुढे मात्र गावाच्या नावाशिवाय काहीच नाही.