दूधसागर : कुळेहून जीपने जाताना

गोव्यातल्या दूधसागर धबधब्याला जायचं तर आधी कुळे गाठायचं. पुढचा कच्चा रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो. तिथे स्वतःची गाडी चालत नाही, नोंदणी असलेल्या जीपच जातात आणि रोज किती जीप सोडायच्या याला मर्यादा आहे. गर्दी अडवायची तर कुळेतच अडवायला हवी, असं माझं ठाम मत आहे. धबधब्याशी पोचलेल्या माणसाला कोण परत पाठवणार?

म्हणून मी शनिवार-रविवार आणि नाताळचे दिवस टाळले, काउंटर उघडण्याआधीच रांग धरली. उशीर झाला की त्या दिवसाच्या जीप संपतात. एका जीपमध्ये सात माणसं. भाडं पूर्ण जीपचं असल्यामुळे दोघं-तिघं असाल तर रांगेतच इतरांशी बोलून सातजण जमवा. वन खात्याचं प्रवेश शुल्क आणि लाईफ जॅकेटचं भाडं वेगळं, तेव्हा सुटे पैसे हवेतच. जॅकेट घेताना सगळे बकल लावून पाहिले, मग खांद्यापाशी धरून वर ओढलं. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात उपयोग नाही, बदलून घ्यावं.

वाटेत जीप ओहोळांतून जाते, म्हणून पिशवी मांडीवर ठेवावी. शेवटचा टप्पा दगडांवरून पायी आहे. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात. उतरताच जीपचा नंबर आणि परतीची वेळ टिपून घ्या, कारण परत त्याच जीपने यायचं असतं आणि एक माणूस रेंगाळला की बाकीचे सहा खोळंबतात.

पावसाळ्यात ओहोळ फुगतात, जीप बंद होतात. साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतात. या बंद काळात काहीजण धबधब्याजवळून जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवरून चालत जातात. सगळी मर्यादा फुटते ती इथे. कॅसलरॉक-कुळे या रेल्वे घाटाचा उतार ३७ला १ (दर ३७ मीटरला १ मीटर) इतका तीव्र आहे, त्यात वळणं आणि बोगदे. समोर माणूस दिसला तरी गाडी लगेच थांबत नाही, आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा कुठली? रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रुळांवर घुसखोरी केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

भरपूर पाणी पाहायचं असेल तर जीप सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे गाठा; उन्हाळ्यात धार बारीक होते.