चुकलं तरी ठेका सोडायचा नाही

मोठ्या वयात पियानो शिकायला येणाऱ्यांचा कान आधीच तयार असतो. आयुष्यभर गाणी ऐकलेली असतात, त्यामुळे एक सूर चुकला तरी लगेच कळतं. कळलं की हात थांबतो. मग मागे जायचं, तो सूर नीट लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नागपुरात लक्ष्मीनगरच्या आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी जी बॅच असते, तिच्यात माझा सगळ्यात जास्त वेळ ही एक सवय मोडण्यात जातो. आणि ती मोडायला गटात वाजवण्यासारखा उपाय नाही, असं माझं ठाम मत आहे. एकट्याला शिकवताना शिक्षक त्याच्यासाठी थांबतो. बाकीचे सगळे वाजवत असले की ठेका कुणासाठीच थांबत नाही.

इथे कुणाला परीक्षा द्यायची नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, एक दातांच्या डॉक्टर आहेत, मिहानमधल्या ऑफिसातून बॅग घेऊन थेट येणारा एक मुलगा आहे. बहुतेकांच्या घरी कधी ना कधी पेटी होती, त्यामुळे 'काळी एक', 'पांढरी पाच' ही भाषा सगळ्यांना येते. मधला सी म्हणजे पांढरी एक, एवढं सांगितलं की पुरतं. अडतं ते डाव्या हाताशी. पेटीवर तो भाता सांभाळतो, त्याच्या बोटांवर सूर वाजवायची वेळच आलेली नसते. शिवाय पेटीचा आवाज हवेवर चालतो, पट्टी हळू दाबली काय नि जोरात दाबली काय. पियानोत हातोडी तारेवर किती वेगानं आदळते यावर सगळं. आमचे पियानो डिजिटल आहेत, पण पट्ट्यांना वजन आहे आणि बोटाचा वेग त्यांनाही कळतो. तारांचा पियानो मी क्लाससाठी मुद्दामच घेतला नाही. मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली ओल यांत साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, आकसतो, फुगतो आणि सूर हलतो.

सध्या बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली, १८२४ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेली 'ओड टू जॉय' ही प्रसिद्ध चाल चालू आहे. ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. जवळजवळ सगळी चाल पाच बोटांत बसते. फक्त तिसऱ्या ओळीच्या शेवटी मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प वर उडी आहे, आणि तिथून सावरायच्या आत चौथी ओळ एक मात्रा आधीच सुरू होते. ती मात्रा सोप्या पुस्तकांत बरेचदा सरळ करून टाकतात. मी करत नाही, चालीचा सगळा जीव तिथेच आहे.

आधी हेडफोन लावून ज्याचा त्याचा सराव. तेव्हा खोलीत कूलरची घरघर आणि पट्ट्यांची टकटक, एवढंच ऐकू येतं. मग हेडफोन काढायचे, अर्ध्यांनी चाल वाजवायची, अर्ध्यांनी डाव्या हातानं नुसते सा आणि प. सा करंगळीवर, प अंगठ्यावर. नियम एकच: चुकलं तर हात उचला, मात्रा मोजत राहा, पुढच्या समेवर या. सम कशी गाठायची हे आपल्याकडे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

गेल्या शनिवारी काका मंद्र पंचमाच्या उडीपाशी अडकले. चाल दुसरे वाजवत होते, तरी ती ऐकून त्यांची करंगळी हवेतच राहिली.

"मॅडम, माझा डावा हात ऐकूनच नाही राहिला ना!"

"राहू द्या काका. मोजा, अन् समेवर या."

शेजारच्या काकू वाजवता वाजवता मोठ्यानं मात्रा म्हणू लागल्या. तीन, चार, आणि काकांचा सा बरोबर समेवर पडला. जरा जोरातच पडला, पण बाकी कुणी थांबलं नाही, काकाही नाहीत. ओळ संपेपर्यंत मी मुद्दाम काही बोलले नाही.

आता काका दर वेळी डावी बाजू मागून घेतात आणि काकूंना चालच हवी असते. येत्या शनिवारी अदलाबदल करायची आहे, दोघांनाही सांगून ठेवलंय.