जठराचं काम आता दातांकडे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ‘नीट चावून खा’ असं प्रत्येकाला बजावलं जातं. नीट म्हणजे किती आणि कशासाठी, हे मात्र फारसं कुणी समजावत नाही. कारण कळलं की सवय लावणं बरंच सोपं जातं.

जठराचा खालचा भाग अन्न घुसळतो, चिरडतो आणि कण साधारण १ ते २ मिलिमीटर इतके बारीक झाले की मगच ते पुढे सोडतो. बायपास या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न या भागात जातच नाही. वर उरते जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी, आणि तिथून आतड्यात उतरायला एक-दीड सेंटिमीटरचं तोंड. स्लीव्ह या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढलेला असतो. उरलेली नळी अरुंद असते, फारशी ताणली जात नाही, त्यामुळे आतला दाब चटकन वाढतो. दोन्हीकडे दळण्याचं बरंचसं काम दातांवर येऊन पडतं.

घास वाटाण्याएवढा घ्या. लहान मुलांचा चमचा वापरलात तर तो आपोआप तेवढाच होतो. एक घास २० ते ३० वेळा चावा असं सांगतात, पण आकड्यापेक्षा पोत महत्त्वाचा. मऊ अंडं पंधरा वेळांत सरबरीत होतं, चिकनच्या तुकड्याला चाळीसही कमी पडतात. गिळण्याआधी घास जिभेने टाळूवर दाबून पाहा. गुठळी किंवा धागा लागला तर अजून चावा. धागा राहतच असेल तर तो गिळू नका, सरळ बाहेर काढा. एरवी जेवणात हे वाईट दिसेल, इथे तेच शहाणपण आहे.

गिळल्यावर चमचा खाली ठेवा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. बहुतेकजण चुकतात ते इथेच: घास उत्तम चावतात, पण पहिला उतरण्याआधी दुसरा पाठवतात. पहिल्या दोन-तीन घासांना सर्वांत जास्त वेळ द्या, कारण भूक लागलेली असताना घाई तिथेच होते. जेवण २० ते ३० मिनिटांत संपवा. त्यापुढे रेंगाळलात तर आधीचं अन्न खाली सरकतं, जागा होते आणि नकळत जास्त खाल्लं जातं. ताटात उरलं तर उरू द्या.

जेवताना पाणी नको, आणि नंतरही अर्धा तास नको. पाण्यामुळे छोटी पिशवी भरते, बायपासमध्ये अन्न वेगाने आतड्यात ढकललंही जातं. पाण्याची दिवसभराची गरज, म्हणजे किमान दीड लिटर, दोन जेवणांच्या मधे घोट-घोट करून भागवा.

पोट भरल्याची खूण आता वेगळी असते. छातीच्या हाडाखाली हलका दाब, उचकी, अचानक नाक गळणं किंवा मोठा उसासा यांपैकी काही जाणवलं की तिथेच थांबा. ‘हा शेवटचा घास’ म्हणून घेतलेलाच घास पुष्कळदा उलटून येतो.

घास अडकला तर छातीच्या मधोमध दुखतं, तोंडाला लाळ सुटते आणि फेस वर येतो. अशा वेळी वरून पाणी ओतू नका, ते अडथळ्यावर साचून वेदना वाढवतं. खाणं थांबवा, उभे राहा, सावकाश चाला. बहुतेक वेळा घास आपोआप सरकतो किंवा वर येतो. त्या दिवशी पुढचं खाणं पातळच ठेवा.

अडकणारे पदार्थ ठरलेले असतात. मऊ पाव चावला की त्याचा चिकट गोळा होतो. भात पिशवीत गेल्यावर फुगतो. पुन्हा गरम केलेलं मांस कोरडं आणि धागेदार होतं. संत्र्याच्या फोडीवरचं पातळ साल दातांना दाद देत नाही. मांसाला थोडा रस्सा किंवा दही लावलं तर ते बरंच सोपं होतं, आणि मासे त्याहून सोपे.

याची उलट बाजू जास्त फसवी आहे. चिप्स, बिस्किटं, आईस्क्रीम हे पदार्थ तोंडात विरघळतात, कुठेच अडत नाहीत आणि पोट भरल्याची जाणीवही देत नाहीत. मांस त्रास देतं म्हणून माणूस हळूहळू याकडे वळतो, प्रथिनं मागे पडतात आणि वजन पुन्हा चढतं. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणून ताटातलं प्रथिन आधी संपवा.

सगळं पाळूनही घट्ट अन्न वारंवार अडकत असेल, पुढे पातळही उतरेनासं झालं असेल, तर चावण्यात दोष शोधत बसू नका. बायपासनंतर पहिल्या काही महिन्यांत जोडाचं तोंड आक्रसू शकतं. दुर्बिणीतून फुगा घालून ते रुंद करता येतं. उलट्या काही दिवस चालूच राहिल्या तर जीवनसत्त्व बी-१ कमी होऊन गोंधळल्यासारखं होणं, दुहेरी दिसणं, तोल जाणं सुरू होऊ शकतं. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि दाढा नसतील तर शस्त्रक्रियेआधीच दंतवैद्याकडे जा. कवळी असेल तर वजन उतरू लागल्यावर ती पुन्हा तपासून घ्या, कारण ती सैल होऊ शकते आणि सैल कवळीने अन्न हवं तेवढं बारीक होत नाही.