पर्जन्यबाग: चार पावसांनंतरची नोंद

गच्चीवरचं पावसाचं पाणी वाहून न जाता जमिनीत मुरावं म्हणून आम्ही सोसायटीत पर्जन्यबाग, म्हणजे झाडं लावलेला उथळ खड्डा, केली आहे. मागच्या नोंदीत हा खड्डा कोरडा होता. आता चार चांगले पाऊस झालेत, म्हणून आकडे मांडतो.

आमची पुण्यातली सोसायटी आंबिल ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याने खालच्या वस्त्यांची काय दैना केली ते आम्ही पाहिलंय. त्या लोंढ्यात आमच्या गच्चीचंही पाणी होतं, हे तेव्हापासून मनात सलतंय.

अर्ध्या गच्चीचं, म्हणजे १५० चौरस मीटरचं पाणी एका पाइपातून खाली येतं. २० मिमी पाऊस पडला की ३,००० लिटर. तेवढं मावावं म्हणून ५ बाय ३ मीटरचा, २० सेंमी खोल खड्डा घेतला. इमारतीच्या पायापासून ३ मीटर लांब.

खरी झुंज काळ्या मातीशी झाली. चाचणीच्या खड्ड्यात पाणी तासाला जेमतेम ३ मिमी उतरत होतं, म्हणजे भरलेली बाग रिकामी व्हायला जवळजवळ तीन दिवस! माती ओली झाली की फुगते आणि वाट बंद करते. शेवटी अडीच फूट खाली मुरूम लागेपर्यंत खणलं आणि वाळू तीन भाग, माती एक, कंपोस्ट एक असं मिश्रण भरलं. आता तासाला ४ सेंमी उतरतं. ज्यांची जमीन काळी आहे त्यांनी झाडं आणण्याआधी ही चाचणी कराच.

पहिल्या पावसात पाइपाखालचं मिश्रण उकरून निघालं, तिथे मोठे गोटे रचले. दुसऱ्यात आच्छादनाची वाळकी पानं तरंगत जाऊन ओव्हरफ्लोच्या जाळीला चिकटली. पानं काढली, आता बारीक खडी पसरली आहे.

तळाला वाळा आणि कर्दळ, काठाला गवती चहा. वाळ्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा: पाण्यात उभा राहतो आणि मे महिनाही काढतो. सोनटक्का लावायचा मोह होता, पण उन्हाळ्यात त्याला पाणी द्यावं लागलं असतं.

डासांची शंका शेजारच्या काकूंनी काढली, रास्तच होती. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. काल सकाळी साडेसहाला बाग काठोकाठ होती. बाराला काकूंना घेऊन गेलो, तर तळाशी नुसता ओला गाळ.

पुढचा पाइप मागच्या विंगचा. तिथून ड्रेनेजची लाइन जाते, त्यामुळे जुना नकाशा मिळेपर्यंत कुदळ लावणार नाही.