तिसरा फेज

फोनवर काका एवढंच म्हणाले, "लेथ सुरू होतो आणि लगेच कडकड करून बंद पडतो. दोन कॉन्टॅक्टर बदलून झाले. आता तूच येऊन बघ." कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच; आतल्या कॉइलला वीज मिळाली की तो ओढला जातो.

काकांनी आयुष्यभर टर्नर म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये त्यांनी जुना लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातायचं यंत्र, आणून ठेवला. त्याची मोटर दोन हॉर्सपॉवरची, थ्री फेज, आणि घरात सिंगल फेज. म्हणून एका फेजवरून तीन फेज करून देणारा रोटरी फेज कन्व्हर्टर घेतला आणि जोडणी स्वतःच केली. ती जोडणी पाहून मला खरंच समाधान वाटलं. तारांच्या टोकांचे लग नीट दाबलेले, अर्थिंगची हिरवी तार थेट लेथच्या बेडपर्यंत आणलेली. मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या पत्त्यासुद्धा स्टारवरून डेल्टात घेतलेल्या (वाइंडिंग जोडायच्या या दोन पद्धती). हे पुष्कळ जण विसरतात. या कन्व्हर्टरमधून निघतात २३० व्होल्ट. ४०० व्होल्टची स्टार जोडणी तशीच ठेवली तर वाइंडिंगला जेमतेम १३३ मिळतात आणि मोटरचा जोर तिसऱ्या हिश्शावर येतो.

मग कडकड कसली?

कन्व्हर्टर चालू केला. आतली आयडलर, म्हणजे रिकामी फिरत राहणारी मोटर, पाच हॉर्सपॉवरची. सिंगल फेजवर अशी मोटर आपणहून सुटत नाही, न फिरता जागच्या जागी नुसती गुणगुणत राहते. स्टार्टिंग कॅपॅसिटर तिला पहिला धक्का देतो आणि वेग आला की बाजूला होतो. मग तिच्या फिरण्यातूनच तिसऱ्या तारेवर व्होल्टेज तयार होतं. उरलेल्या दोन तारा सरळ घरच्या लाइनवरून येतात, फेज आणि न्यूट्रल. मीटर लावलं: २३१, २२६, २४४. रिकाम्या चालीला हे उत्तमच.

काकांनी हिरवं बटण दाबलं. कॉन्टॅक्टर ओढला गेला, चक (तुकडा धरून फिरणारा भाग) पाव फेरा फिरला आणि कडकडकडकड! मी ओरडून बंद करायला लावलं. मेन स्विच पाडून कॉन्टॅक्टर उघडला, तर नव्या कॉन्टॅक्टवर काळे खड्डे पडलेले. तसाच चालू ठेवला असता तर एखादा पॉइंट चिकटून बसला असता.

तो परत बसवला, मीटर किमान व्होल्टेज धरून ठेवेल असं लावलं, टोकं कॉइलवर अडकवली आणि काकांना म्हटलं, "एकदाच दाबा, आणि लगेच सोडा." आकडा आला १५१. कॉइल २३० व्होल्टची.

तार हाताने धरून मागे मागे गेलो. कॉइलचं एक टोक न्यूट्रलवर होतं आणि दुसरं थेट तिसऱ्या फेजवर.

काका म्हणाले, "अरे, कारखान्यात तर कुठल्याही फेजवरून कॉइल घ्यायचो आम्ही!"

बरोबरच होतं त्यांचं. कारखान्यात तिन्ही फेज ट्रान्सफॉर्मरवरून येतात, तिन्ही सारखेच दमदार. इथे तिसरा फेज आयडलरच्या वाइंडिंगमधून येतो. लेथची मोटर सुटताना पूर्ण लोडच्या पाच ते सात पट करंट ओढते, आणि नेमका त्याच क्षणी हा फेज खाली बसतो. तो बसला की कॉइल सुटते. कॉइल सुटली की लोड जातो आणि फेज परत वर येतो. मग कॉइल पुन्हा ओढते. ती कडकड म्हणजे हेच चक्र. कॉन्टॅक्टरमध्ये दोष नव्हताच, दोन्ही वेळा बिचारे उगाच बदलले गेले.

कॉन्टॅक्टर बसवलेल्या स्टार्टरला येणाऱ्या तारांपैकी तिसरा फेज आणि खरा फेज यांची अदलाबदल करूनही कॉइल खऱ्या फेजवर आली असती आणि काम भागलं असतं. पण मग मोटर उलटी फिरली असती, आणि या लेथचा चक आट्यांवर बसवलेला. उलटा सुटला की उकलून अंगावर यायचा. म्हणून कॉइलची तेवढी एकच तार हलवायची ठरवली. कन्व्हर्टर बंद केला, कॅपॅसिटर बल्ब लावून रिकामे केले, मग तार सोडवून खऱ्या फेजवर बसवली. स्टॉप बटण आणि करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेचा कॉन्टॅक्ट होते तसेच त्या वाटेत ठेवले.

या वेळी 'टक' असा एकच आवाज आला आणि चक फिरू लागला. कॉइलवरचं किमान व्होल्टेज २१९. क्लॅम्प मीटरवर तिन्ही तारांचे करंट एकमेकांच्या जवळपास. काकांनी गॉगल चढवला, टूल पोस्टवर हात ठेवला आणि पोलादाच्या तुकड्यावर हलकासा कट घेतला. निळसर चिप वळत वळत खाली पडली. ते काही बोलले नाहीत, आणखी एक कट घेतला.

निघायच्या आधी तिसऱ्या फेजच्या तारेला दोन्ही टोकांना पिवळी टेप गुंडाळली. काकांनी मार्करने त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: "कॉइल इथे नाही."